अंगठा बाहेर

मूठ वळता येते असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं, माझा अंगठा मोडेपर्यंत.

ही गोष्ट मी माझ्या चुलत बहिणीची कशी जिरवली त्याची आहे. शेवटी आम्ही गळ्यात गळे घालून रडणार वगैरे नाही आहोत, हे आत्ताच सांगून ठेवते. नंतर कुरकुर नको.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. पप्पा आणि काका मिळून चालवतात. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, ऑफिसवाल्यांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. शाळेतून आल्यावर घड्या घालायचं काम माझं आणि ताईचं. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि मग चालत एकमेकींजवळ येऊन टोकाला टोक लावायचं. म्हणजे जिचं तोंडही बघायची इच्छा नाही, तिच्या नाकाला नाक लागेपर्यंत जायचं, परत मागे यायचं, परत जायचं. शत्रू घरातलाच असला की असे फायदे मिळतात.

ताई माझ्याहून एक वर्ग पुढे. बॉक्सिंग तिनं आधी सुरू केलं, आणि तिचं बघून मी हट्ट धरला. ती मला गोगल म्हणते. गोगल म्हणजे गोगलगाय. तेव्हा मी होतेच तशी. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की कोटांच्या मागे जाऊन उभी राहायची.

आमचा क्लब टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आहे. जिन्यापासूनच रबराचा वास येतो. सरांचं नाक इतकं चपटं आहे की चष्मा त्यांनी दोरीनं डोक्याला बांधलाय. त्यांचे नियम कडक. नव्या मुलांना सुरुवातीला ग्लोव्ह मिळतच नाहीत, हातांना नुसत्या कापडी पट्ट्या बांधून टांगलेल्या बॅगवर मारायचं. "ग्लोव्ह चुका झाकतो," सर म्हणतात. "आधी मला उघडी चूक बघू दे."

मी क्लबात गेले त्याच आठवड्यात सर मोठ्या मुलांना घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेले होते. नव्या पोरींना शिकवायचं काम त्यांनी ताईवर सोपवलं होतं. ताईनं माझी मूठ स्वतःच्या हातानं वळली.

"अंगठा आत," ती म्हणाली. "बोटांच्या खाली. पिल्लू पंखाखाली असतं ना, तसं. बाहेर राहिला तर लागेल त्याला."

मला ते पटलं. किती मायेनं सांगतेय, असंही वाटलं. तो आठवडा मी पिल्लू पंखाखाली घेऊन हलके हलके मारत राहिले.

सर परत आले तेव्हा खांद्यावरची बॅगही न उतरवता दारातच उभे राहिले. मी डाव्या हातानं सरळ ठोसे मारत होते. "ही कोण?" त्यांनी विचारलं. "हिचा हात बघा. दोरी ताणल्यासारखा सरळ जातोय. वजन किती गं तुझं?"

मी सांगितलं. सरांनी ताईकडे पाहिलं. "म्हणजे तुझ्याच वजनगटात की ही. शाळांच्या स्पर्धेला एका वजनात एकच मुलगी जाते. दोघींची निवडीची लढत घ्यावी लागेल." एवढं बोलून ते बॅग ठेवायला आतल्या खोलीत गेले.

ताई माझ्याजवळ आली. "ऐकलंस ना? खूश आहेत तुझ्यावर. आता ते बाहेर यायच्या आत उजवा मारून दाखव. सगळी ताकद लाव. आणि अंगठा घट्ट आत. घट्ट हं."

मी सगळी ताकद लावली.

आवाज फार मोठा नव्हता. खडू मोडतो तेवढाच. मग मी खाली बसले आणि पट्टीच्या आत माझा अंगठा माझा राहिला नाही.

सर धावत आले. त्यांनी पट्टी उलगडली, एकदाच बघितलं आणि त्यांचं तोंड लाल झालं. "अंगठा आत ठेवून मारतं का कुणी? कुणी शिकवलं हे?"

मी ताईकडे पाहिलं. ताईनं सरांकडे. "सर, मी बोंबलून बोंबलून सांगितलं हिला, अंगठा बाहेर, अंगठा बाहेर. ऐकेल तर शपथ."

आणि मी काहीच बोलले नाही. दुखत होतं हे खरं, पण तेवढ्यामुळे नाही. मला बोलायची सवयच नव्हती.

घरी पोचेपर्यंत तेच खरं ठरलं होतं. आई म्हणाली, "ताई सांगत होती तर ऐकायचं होतंस." काकू म्हणाली, "आमची बिचारी रडकुंडीला आलीय, गं." काका प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "चला, घड्या घालायला एक हात कमी झाला."

प्लास्टरमधून बोटांची टोकं बाहेर होती, त्यांत चादरीचं टोक धरता यायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही टोकाला टोक लावलं तेव्हा मी विचारलं, "ताई, तूच म्हणाली होतीस ना, अंगठा आत?"

तिनं माझ्या हातातली टोकं काढून घेतली. "म्हणाले असेन. कोण ऐकणार आहे तुझं?" आवाजात राग नव्हता, हेच जास्त झोंबलं. "हे बघ गोगल, माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी मी नसणार. तेव्हा घे की जागा. कुठे पळून चाललीय?"

आणि तिनं चादर झटकली. तिच्या बाजूनं निघालेली लाट माझ्या हनुवटीवर येऊन आपटली. मला वाटतं, मी बदलले ते त्या लाटेमुळे.

त्याच वेळी मी ठरवलं की हिला रिंगणात हरवायचं, तेही सरांसमोर. आणि हरवल्यावर सगळ्यांच्या देखत हिच्या तोंडून एकच वाक्य काढायचं. अंगठा कुठे ठेवायचा ते.

माझं नशीब असं की परीक्षांमुळे स्पर्धाच पुढे गेली, आणि तिच्याबरोबर निवडीची लढतही. सरांनी हे सांगितलं तेव्हा ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी पोटभर बघून घेतला.

प्लास्टर होतं तोवर मी रोज क्लबात जाऊन बाकावर बसायचे. काकूनं हुकूम सोडला, "बसलीच आहेस तर ताईच्या पट्ट्या तरी गुंडाळ." चांगल्या लांबलचक पट्ट्या असतात त्या. धुतल्या की सापांसारख्या एकमेकींत अडकतात. मी एका हातानं आणि गुडघ्यानं त्या गुंडाळायचे, रोज, तिच्या. आणि गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे बघायचे.

बाकावरून फार छान दिसतं. ताईचा डावा ठोसा खरंच सुंदर होता. मूठ जाताना सैल, लागायच्या क्षणी घट्ट, मनगट आणि हात एका रेषेत, शेवटी मूठ वळून तळवा जमिनीकडे. पण परत येताना? सर नव्या पोरांना ओरडून सांगतात, "ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत. गालापासून निघाला, गालाशी आला." ताईचा हात मात्र दमला की ठोसा मारून झाल्यावर खाली पडायचा, कमरेपर्यंत, आणि तिथून आरामात वर यायचा. जिना उतरून परत चढल्यासारखा. तेवढा वेळ तिचा डावा गाल उघडा. ती नेहमी लवकर जिंकायची, म्हणून दमलेली ताई कुणी नीट पाहिलीच नव्हती. सरांनीसुद्धा. मी पाहिली.

एकदा पाणी पिता पिता तिनं मला विचारलंही. "तू इतकं टक लावून बघतेस. काही चुकतंय का माझं?"

"छे," मी म्हटलं. "डावा तर काय भारी आहे, ताई."

"आहेच," ती म्हणाली.

मला जराही वाईट वाटलं नाही. तिनं मला शिकवलं होतं, तसंच मी तिला शिकवलं.

डावा हात मात्र माझा मोकळा होता. दुकानाच्या मागच्या खोलीत धुतलेले कोट दांड्यांवर टांगलेले असतात, समोरासमोर दोन रांगा, मधे एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट. त्या फटीत उभं राहून मी डावा मारायचे. कोपर जरा बाहेर गेलं की हँगर किणकिणायचे. हँगर वाजले की ठोसा वाया. सुरुवातीला इतकं वाजायचं की काका पुढून ओरडायचे, "कोण आहे रे कोटांत? मांजर शिरलं का?"

"मीच आहे, काका. कोट मोजतेय."

"मग बरोबर मोज. कालपासून वाढतायत."

हळूहळू ओरडणं थांबलं. मी तिथंच असायचे, फक्त हँगर गप्प झाले होते.

प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा दोरीवर विसरलेल्या मोज्यासारखा दिसत होता, बारीक आणि सुरकुतलेला. बुडाशी हाडाचं एक टेंगूळ राहिलं होतं, ते आजही आहे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. आमच्याकडे कपडे वाळत घालायचे चिमटे पोत्यानं पडलेले असतात. अंगठा आणि एकेक बोट यांच्यात धरून मी चिमटे उघडायचे आणि मिटायचे. जेवताना, अभ्यास करताना, वर्गात बाकाखाली. एकदा गणिताच्या बाईंनी विचारलं, "काय वाजतंय तिकडे?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझा अंगठा, बाई." सगळा वर्ग हसला आणि मला चक्क मजा आली. त्यानंतर मी उत्तरंसुद्धा द्यायला लागले. चुकलेली उत्तरंसुद्धा अशा थाटात द्यायचे की बाई क्षणभर पुस्तकात बघायच्या.

सरांनी मला पुन्हा पहिल्यापासून घेतलं. "चार बोटं टोकांपासून गुंडाळत आण. आणखी. नखं तळव्यात. आता अंगठा वरून आडवा टाक, पहिल्या दोन बोटांवर. दाराला कडी घालतो तसा. कडी दाराच्या बाहेर असते की आत?"

"बाहेर, सर."

"आणि मारायचं कशानं?"

"पहिल्या दोन बोटांच्या गाठींनी. करंगळीकडून नाही."

त्यांनी माझ्या मनगटावर लाकडी फूटपट्टी ठेवली. मुठीच्या पाठीपासून कोपराकडे ती सपाट बसली पाहिजे, खाली फट दिसता कामा नये. "डावा तुझा माझ्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले. "उजवा मार."

मी मारला. म्हणजे बॅगला नुसता लावला.

"हे काय? बॅगेचा ताप बघतेयस?"

मला जमतच नव्हतं. हात निघायचा आणि वाटेतच मागे खेचला जायचा. खडूचा आवाज कानात बसला होता. ताई कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारत हे सगळं बघत होती. तिचं तोंड हसरं होतं. ही उजवा मारणार नाही, हे तिला कळलं होतं.

निवडीची लढत सुट्टीच्या दिवशी होती. आमच्या क्लबात एक रीत आहे. लढतीआधी स्वतःचे हात स्वतः बांधायचे नाहीत. ज्याच्याशी लढायचं, त्यानं तुमचे बांधायचे आणि तुम्ही त्याचे. लढत संपली की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या पट्ट्या सोडायच्या. सर म्हणतात, "ज्याचा हात आपण मांडीवर घेऊन बांधला, त्याच्याशी माणूस लबाडी करत नाही." सरांना घरच्या लाँड्रीची कल्पना नाही.

आधी मी तिचे बांधले. तिचा हात माझ्या मांडीवर. खरं सांगते, लबाडी करणं तिला फार सोपं गेलं असतं माझ्याशी, आणि मलाही तिच्याशी. मनगटाचा एकच वेढा सैल सोडायचा. ग्लोव्हच्या आत कुणाला दिसणार? दोन-चार ठोशांत मनगट मुडपलं असतं. माझे हात थांबले होते का? हो, थांबले. पण मग ती सगळीकडे सांगत फिरली असती की पट्टी सैल होती म्हणून हरले. जन्मभर. प्रत्येक लग्नात. मला तिच्याकडे एकही सबब शिल्लक ठेवायची नव्हती. मी अंगठ्याला फास घातला, मनगटाला घट्ट वेढे दिले, गाठींवर जाड थर चढवला, बोटांमधून पट्टी काढली. इतकं सुंदर मी कुणाचंच बांधलेलं नाही.

"मूठ वळून बघ. सैल तर नाही ना?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. सगळ्यांनी ऐकलं.

मग तिनं माझे घेतले. डावा नीट बांधला. उजव्यावर आली तेव्हा टेंगळावर बोट टेकवून जरा दाबलं.

"दुखतं?"

"नाही."

"दुखेल," ती मान वर न करता म्हणाली.

अंगठ्यावरून पट्टी एकदाच फिरवून ती गाठ मारायला लागली. पूर्वीची मी असते तर हात मागे घेऊन गप्प बसले असते. "अंगठ्याला आणखी एक वेढा," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. मी आवाज चढवला. "ताई, सोड आणि परत बांध. अंगठ्याला दोन वेढे असतात. तू विसरलीस वाटतं."

सर वळून बघायला लागले. तिनं पट्टी सोडली आणि परत बांधली. तिचे कान लाल झाले होते. लढत सुरू व्हायच्या आधीच मला अर्धं पोट भरल्यासारखं वाटलं.

पहिली फेरी तिची. ती माझ्या डाव्या बाजूनं फिरत राहिली, तोंडावर, पोटावर, परत तोंडावर. हेल्मेट असूनही डोक्यात भांडी पडल्यासारखं वाटत होतं. मी फक्त डावा मारत होते.

"उजवा कुठे ठेवलास गं, गोगल?" ती जवळ येऊन पुटपुटली. "घरी वाळत घातलास?"

दुसऱ्या फेरीत मी मनात कोटांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. डावा गेला, आला. गेला, आला. कुठेच किणकिण नाही. तिचं नाक लाल झालं. तिला राग आला, आणि रागात माणूस लवकर दमतो. फेरी संपता संपता तिचा डावा ठोसा मारून खाली पडला. कमरेपर्यंत. मी बघितलं आणि काहीच केलं नाही. उजवा निघालाच नाही.

कोपऱ्यात सरांनी दोघींना पाणी दिलं. माझ्यापाशी येऊन एवढंच म्हणाले, "कडी लावलीयस का?"

मी ग्लोव्हच्या आत मूठ वळली. नखं तळव्यात, अंगठा वरून आडवा. बाहेर. त्यावर दोन वेढे, तिच्याच हातचे. आता हा मोडणार कसा?

तिसऱ्या फेरीत ती पुढे आली आणि तिनं डावा मारला. तो माझ्या कपाळाला लागला आणि जिना उतरायला लागला. तिचा गाल समोर होता, अगदी मोकळा. तेव्हा मला ना सर आठवले ना फूटपट्टी. मला ती चादरीची लाट आठवली. टाच फिरली, कंबर फिरली, खांदा गेला आणि उजवा सरळ तिच्या पडलेल्या हातावरून निघाला. लागण्याआधी मूठ वळली आणि घट्ट झाली. पहिल्या दोन गाठी.

ताई खाली बसली. पडली नाही, बसली. स्टूल आहे समजून बसावं आणि स्टूलच नसावं, तशी. सरांनी आकडे मोजले, ती उठली, लढत पुढे चालू झाली. पण आता तिचा डावा निघायलाच घाबरत होता. माझा अंगठा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं, जागेवर तर आहे.

सरांनी माझा हात वर केला.

आता रीत. मी स्टुलावर बसले, ती समोर गुडघ्यावर. ग्लोव्ह निघाले, डाव्या हाताची पट्टी सुटली. उजव्याची सोडताना ती हळूच म्हणाली, "माझा हात खाली येतो, हे तुला माहीत होतं."

"कधीपासूनच."

"मी विचारलं तेव्हा भारी आहे म्हणालीस."

"म्हणाले असेन."

तिनं मान वर करून पाहिलं. स्वतःचेच शब्द होते, तिला ओळखू आले. अंगठ्याचा शेवटचा वेढा निघाला आणि टेंगूळ बाहेर आलं. मी हात मागे घेतला नाही. तिच्यासमोर मूठ अर्धी वळून धरली.

"ताई, अंगठा कुठे ठेवायचा?"

"नाटकं करू नकोस."

"सांग ना. तूच शिकवलं होतंस. आत की बाहेर?"

हॉलमध्ये दोरीच्या उड्या थांबल्या होत्या. सर चष्मा पुसत होते, ते पुसायचे थांबले. माझा आवाज तेव्हा केवढा मोठा होता ते मला नंतर इतरांनी सांगितलं.

"बाहेर," ती म्हणाली.

"मग मला काय सांगितलं होतंस?"

तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. वाटलं, आता परत म्हणेल, मी बोंबलून सांगितलं होतं. पण हातात तो हात होता, आणि मी काही मागे हटत नव्हते.

"आत," ती म्हणाली. "आत ठेव म्हणून सांगितलं होतं."

सर काही ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दोरी मागे बांधली. "उद्यापासून तू नव्या पोरींच्या रांगेत," ते ताईला म्हणाले. "बिनग्लोव्हची. मूठ वळण्यापासून. मी सांगेपर्यंत."

ती रडली. जिन्यात रडली, टायरच्या दुकानापुढून जाताना रडली. मी तिची बॅग धरली नाही.

घरी काकू दारातच होती. "काय झालं? कोण जिंकलं?"

"मी," मी म्हटलं. "बाकीचं ताई सांगेल. तिला आता सांगता येतं."

मग मी खाली दुकानात गेले आणि आमच्या दोघींच्या पट्ट्या एकाच मशीनमध्ये टाकल्या. धुऊन झाल्या, वाळल्या. माझ्या मी नीट गुंडाळून फळीवर ठेवल्या. तिच्या तशाच गुंतलेल्या, टोपलीत. संध्याकाळी ती घड्या घालायला खाली आली, टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून गुंता सोडवायला लागली. बराच वेळ लागला तिला. मी चादरीची दोन टोकं धरून उभी होते, दुसरी दोन धरायला ती येईपर्यंत. मला काही घाई नव्हती.